धूर थांबवा म्हणणं सोपं, पण चूल कोण बदलणार?



चुलीच्या धुराचा विषय निघाला की सल्ल्यांना तोटा नसतो. ओलं सरपण जाळू नका, खिडकी उघडी ठेवा, गॅस घ्या. सल्ला देणारा सहसा चुलीपुढे बसलेला नसतो, आणि गॅसची टाकी भरायचे पैसेही त्याला मोजायचे नसतात. म्हणून आज आम्ही धुराची एक जुनी गोष्ट घेऊन आलो आहोत. ती आहे लंडन शहराची. तिथल्या राजानं धुरावर पहिली बंदी घातली १३०६ साली. आणि घरातल्या धुरावर खरोखर लागू पडलेला कायदा आला १९५६ साली. मधे साडेसहाशे वर्षं गेली. एवढी वर्षं का लागली आणि शेवटी काय बदललं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण तोच प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे.

आधी त्यांची चूल कशी होती ते पाहू. तिकडे थंडी कडक. वर्षातले कितीतरी महिने घर ऊबदार ठेवावं लागतं. त्यामुळे आग नुसती स्वयंपाकघरात नसे. खोलीच्या भिंतीत मोठ्या कोनाड्यासारखी जागा असायची, तिच्यात लोखंडी जाळी, जाळीवर दगडी कोळसा, आणि वर थेट छपराबाहेर गेलेलं धुराडं. पहाटे उठून कालची राख काढणं, जाळी घासणं, कोळशाची बादली वाहून आणणं आणि आग पेटवणं, ही कामं घरच्या बाईची. घर पैसेवाल्याचं असेल तर मोलकरणीची.

आपल्या चुलीत आणि त्यांच्या चुलीत एक मोठा फरक होता. आपला धूर घरातच कोंडतो आणि बाईच्या डोळ्यांत, छातीत जातो. त्यांचा धूर धुराड्यातून बाहेर जाई. घरात बसलेल्याला तो दिसतच नसे. तो शेजाऱ्याच्या अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर, साऱ्या गावाच्या हवेत जाई. घरातून धूर बाहेर काढला म्हणजे तो संपत नाही, हे कळायलाच शहराला फार काळ लागला.

लंडनला हा कोळसा उत्तरेकडच्या न्यूकॅसलहून जहाजानं यायचा. समुद्रावरून येतो म्हणून लोक त्याला ‘समुद्री कोळसा’ म्हणत. त्याचा वास उग्र, धूर दाट. पहिली नोंदलेली तक्रार एका बाईचीच आहे. राजा तिसरा हेन्री याची राणी एलिनोर १२५७ साली नॉटिंगहॅमला राहायला गेली होती. तिथला कोळशाचा धूर तिला सोसेना, म्हणून ती मुक्काम हलवून टटबरीच्या किल्ल्यात गेली. राणीला मुक्काम हलवता आला. त्या गावातल्या बाकीच्या बायका कुठे जाणार होत्या?

पुढे १३०६ साली राजा पहिला एडवर्ड यानं लंडनमधल्या भट्ट्यांत समुद्री कोळसा जाळायला बंदी केली. चुनखडी भाजणारे, लोहार अशा भट्टीवाल्यांवर तिचा रोख होता. दंड ठेवला, पुन्हा सापडला तर भट्टी पाडायची असंही ठरलं. पण लाकूड महाग होत होतं आणि कोळसा स्वस्त होता.  त्यामुळे बंदी कागदावर राहिली आणि भट्ट्या चालू राहिल्या.

सोळाव्या शतकात तर शहराजवळची जंगलं पुरेनाशी झाली आणि कोळसा भट्टीतून घरात शिरला. सुरुवातीला खानदानी बायकांना तो अजिबात आवडत नसे. ज्या घरात समुद्री कोळसा जळतो तिथे पाऊल ठेवायचं नाही, अशी त्यांची रीत होती. पण आवड-नावड ठरवते कोण? लाकडाचा भावच ठरवतो. दोन-तीन पिढ्यांत गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या घरी कोळसाच आला.

१६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या विद्वान गृहस्थानं धुरावर एक पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याला दिली. धुरानं घरातलं सामान खराब होतं, माणसं खोकतात, झाडं मरतात, हे त्यानं नीट मांडलं. उपाय सांगितला तो असा, की भट्टीवाले शहराबाहेर न्यावेत आणि शहराभोवती सुगंधी फुलझाडं लावावीत. घरातल्या चुलीचा दोष त्याला फारसा वाटला नाही. राजानं पुस्तिका वाचून कौतुक केलं, पण झालं काहीच नाही.

पुढच्याच वर्षी मात्र सरकारचा माणूस खरोखर घरातल्या चुलीपर्यंत पोचला. धुरासाठी नव्हे, पैशांसाठी! १६६२ साली चूलपट्टी बसली. घरात जेवढ्या चुली, तेवढे दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. अगदी गरीब घरांना माफी होती. पण चुली मोजायला अधिकारी घरात शिरत, त्याचा लोकांना भयंकर राग येई. काहींनी चुली बुजवल्या. ऑक्सफर्डशरमधल्या चर्चिल नावाच्या गावी, असं सांगतात, की पाव भाजणाऱ्या एका बाईनं पट्टी वाचवायला भिंत फोडून आपली भट्टी शेजाऱ्याच्या धुराड्याला जोडली. १६८४ साली तिथे आग लागली, वीस घरं जळाली आणि चार माणसं मेली. शेवटी १६८९ साली ही पट्टी रद्द झाली. म्हणजे बघा, चूल मोजायची ताकद सरकारजवळ होती. चूल बदलून द्यायचा विचार नव्हता.

धुराड्याची आणखी एक किंमत होती, ती लहान पोरांनी मोजली. अठराव्या शतकात धुराडी अरुंद आणि वळणावळणाची झाली. कितीतरी ठिकाणी आतली जागा नऊ बाय चौदा इंच. काजळी खरवडायला गरिबांची पोरं आत चढवत. कधी अडकून, गुदमरून मरत. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्यानं दाखवून दिलं, की काजळीत काम केल्यानं पुढे यांना कर्करोग होतो. १७८८ साली कायदा झाला, की आठ वर्षांखालचं पोर या कामाला ठेवायचं नाही. १८४० साली झाला, की एकवीस वर्षांखालच्या कुणी चढायचं नाही. लांब दांड्याचा ब्रश १८०३ सालीच निघाला होता. तरी पोरं चढतच राहिली, कारण कायदा पाळला जातो का हे बघणारं कुणी नव्हतं. १८७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठे हे थांबलं.

त्याच १८७५ सालचा दुसरा एक मोठा कायदा सार्वजनिक आरोग्याचा. त्यात काळा धूर ओकणाऱ्या धुराड्यावर कारवाई करायचं कलम होतं. पण त्याच कलमात लिहिलं होतं, राहत्या घराचं धुराडं सोडून! कारखानदारांचे वकीलही हुशार. धूर काळा नाही, गडद तपकिरी आहे, असं म्हणून ते सुटून जात.

घराला का सोडलं? त्यांच्यात म्हण आहे, की माणसाचं घर म्हणजे त्याचा किल्ला. सरकारनं तिथे नाक खुपसायचं नाही. शिवाय घरं लाखो, त्यांच्यावर खटले कोण भरणार? आणि खरं कारण असं, की गरिबाला सांगणार काय? कोळसा जाळू नको, मग थंडीत काय कर?

तरी काही लोक घरच्या धुराविषयी बोलत होते. १८८० साली रोलो रसेल यांनी लंडनच्या धुक्यावर पुस्तिका लिहून सांगितलं, की मुख्य दोष घरातल्या उघड्या आगीचा आहे. गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचलेल्या ऑक्टेव्हिया हिल या बाईही धूर कमी करायच्या चळवळीत होत्या. १८८१ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये कमी धुराच्या शेगड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. लोकांनी शेगड्या पाहिल्या आणि घरी येऊन जुनीच आग पेटवली. नवी शेगडी विकत घ्यायची ऐपत किती जणांची असणार?

धुराचा भुर्दंड कुणावर पडत होता, याचा हिशोब मँचेस्टर शहरात १९१८ साली मांडला गेला. तिथल्या हवेच्या समितीनं कामगारांच्या घरातल्या धुण्याचा खर्च हॅरोगेट या स्वच्छ हवेच्या गावाशी ताडून पाहिला. मँचेस्टरच्या घराला आठवड्याला साडेसात पेनी जास्त लागत होते, साबणाचे आणि जळणाचे. साऱ्या शहराचा मिळून वर्षाचा आकडा दोन लाख नव्वद हजार पौंडांच्या घरात गेला. आणि हे नुसतं सामानाचं झालं. पुन्हा पुन्हा तेच कपडे घासणाऱ्या बाईच्या हातांचा हिशोब त्यात नव्हता. मैत्रिणींनो, बाईची मेहनत हिशोबात धरायची नाही, ही रीत काही एकट्या आपल्या गावची नाही.

गॅस तेव्हा नव्हता का? होता. कोळशापासून काढलेला गॅस नळानं शहरात येई. पण बिल एकदम भरणं गरिबाला परवडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कंपन्यांनी एक युक्ती काढली. मीटरमध्ये एक पेनी टाकायची आणि तेवढाच गॅस वापरायचा. गॅसची शेगडीही भाड्यानं मिळू लागली. मग कामगारांच्या बायकांनी स्वयंपाक भराभर गॅसवर नेला. कुणी सक्ती केली नव्हती, भाषणं दिली नव्हती. जेवढे पैसे हातात तेवढंच जळण घ्यायची सोय झाली, एवढंच. खोली तापवायला मात्र कोळसाच राहिला.

आणि त्या आगीवर लोकांचा जीवही होता. जॉर्ज ऑर्वेल या प्रसिद्ध लेखकानं १९४५ सालच्या ८ डिसेंबरला वर्तमानपत्रात लिहिलं, की नव्या घरांत निदान एका खोलीत तरी कोळशाची आग हवीच, सारं कुटुंब तिच्याभोवती गोळा होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आपल्याही घरी थंडीत सगळे चुलीपाशीच सरकतात.

बरोबर सात वर्षांनी, १९५२ च्या डिसेंबरात, त्या आगीची दुसरी बाजू दिसली. महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती, तरी कोळसा रेशनवर होता. चांगला कोळसा परदेशी विकला जाई. घरांसाठी सरकारनं १ डिसेंबरपासून हलका, भुकटीसारखा कोळसा रेशनमुक्त केला. स्वस्त, पण धूर फार. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. ५ डिसेंबर, शुक्रवारी, वारा पडला. वर गरम हवेचा थर आणि खाली गार हवा, अशी कढईवर झाकण ठेवल्यासारखी स्थिती झाली. लोकांनी ऊब हवी म्हणून आणखी कोळसा घातला. घरांचा, वीजकेंद्रांचा, कारखान्यांचा सगळा धूर खालीच कोंडला आणि धुक्यात मिसळला.

मंगळवार ९ तारखेपर्यंत शहर त्यात बुडालं होतं. बसपुढे कंडक्टर दिवा घेऊन चालत होते. एका नाट्यगृहात धुकं आत शिरल्यानं संगीत नाटक मधेच थांबवावं लागलं. जनावरांच्या प्रदर्शनाला आणलेली काही गुरं धाप लागून मेली. माणसं रस्त्यात पडून मेली नाहीत. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, दम्याचे रुग्ण घराघरांत, दवाखान्यांत गेले. त्यामुळे किती माणसं गेली हे मृत्यूच्या नोंदी मोजल्यावरच कळलं. नेहमीपेक्षा जवळजवळ चार हजार जास्त. पुढच्या अभ्यासकांनी नंतरच्या महिन्यांतले मृत्यूही धरून हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला.

सरकारनं आधी चालढकल केली. फ्लूनं माणसं मेली असंही म्हटलं. लोकांचा आवाज वाढला तेव्हा १९५३ साली सर ह्यू बीव्हर यांची समिती नेमली. समितीनं १९५४ साली अहवाल दिला आणि सहाशे वर्षं टाळलेली गोष्ट स्पष्ट लिहिली. देशातल्या कोळशापैकी पाचवा हिस्साही घरात जळत नाही, पण जवळजवळ निम्मा धूर घरांचा आहे. घरातली उघडी आग बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि तिथेच न थांबता समितीनं पुढचं विचारलं. ती बदलण्याचा खर्च कुणी करायचा?

यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. तो नीट बघा, कारण गोष्टीचं मर्म यात आहे. नगरपालिकेनं शहराचा एकेक भाग निवडायचा. लोकांना आधी कळवायचं, त्यांच्या हरकती ऐकायच्या. मग तो भाग धूरबंदीचा जाहीर करायचा. तिथे घराच्या धुराड्यातून धूर निघाला की गुन्हा. पण घरातली जुनी आग काढून बिनधुराच्या जळणाची सोय करायला जो वाजवी खर्च येईल, त्याचे दहापैकी सात हिस्से लोकांना परत मिळायचे. चार हिस्से देशाच्या तिजोरीतून, तीन नगरपालिकेकडून. घरावर राहिले तीन. नव्या शेगडीत जाळायला कोक, म्हणजे आधीच भाजून धूर काढून टाकलेला कोळसा, तयार होता. तो पेटायला अवघड, म्हणून पेटवायला गॅसची नळी बसवायचा खर्चही त्यात धरत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. खाणींच्या भागात कामगारांना मजुरीचा भाग म्हणून कोळसा मिळे. त्यांच्या दृष्टीनं धूरबंदी म्हणजे पगारात कपात. तिथल्या नगरपालिकांनी वर्षानुवर्षं चालढकल केली. १९६२ च्या डिसेंबरात लंडनवर पुन्हा तसंच धुकं बसलं आणि शेकडो माणसं गेली. १९६८ साली कायदा आणखी कडक केला. त्याच सुमारास उत्तर समुद्रात नैसर्गिक गॅस सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरची गॅसची उपकरणं त्या गॅससाठी बदलून दिली. मग कोळशाची बादली उचलायची गरजच उरली नाही. कायद्यानं दार उघडलं, पण त्यातून लोक आत गेले ते सोयीचं आणि परवडणारं जळण मिळालं म्हणून.

आता तिथे उलटी गंमत आहे. पैसेवाल्यांनी हौसेखातर लाकडाच्या शेगड्या बसवल्या आणि धूर परत आला. त्यामुळे २०२१ च्या मे महिन्यापासून इंग्लंडमध्ये पिशवीतला साधा कोळसा आणि ओलं लाकूड कमी प्रमाणात विकायला बंदी झाली. पूर्वी गरजेचा धूर होता, आता हौसेचा. दोघांना एकच नियम लावता येतो, पण एकच मदत देणं बरोबर नाही.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. मुंबईत धुराचा कायदा १९१२ सालीच झाला होता, गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी. घरच्या चुलीची दखल घ्यायला आपल्याला वेळ लागला. २०१६ साली १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर मिळू लागली. ही मोठी गोष्ट आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावरचं ते पहिलं कार्ड. पण टाकी संपली की पुढचे पैसे एकदम लागतात. शेतात तुरीच्या काड्या आणि कपाशीच्या पळाट्या फुकट पडलेल्या असतात. मग भाकरी चुलीवर आणि चहा गॅसवर, असा हिशोब घराघरांत चालतो. लंडनच्या पेनीच्या मीटरची गोष्ट इथे आठवा. पाच किलोच्या लहान टाकीची सोय आहे, ती आपल्या एजन्सीत मिळते का, हे विचारायला हरकत नाही.

शहरातलं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ जळणावर यावं. हवा सगळ्यांची आहे, तेव्हा हे हवंच. पण पाव भाजणारा छोटा बेकरीवाला नव्या भट्टीचा पैसा कुठून आणणार, आणि तो खर्च वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्याच्या खिशातून जाणार का, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे. दहापैकी सात हिस्से कोण देणार?

जगात घरातल्या धुरानं वर्षाला सुमारे बत्तीस लाख माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. लंडनची माणसं पाच दिवसांत गेली म्हणून सरकार हललं. आपल्या बायका एकेक करून, खोकत, वर्षानुवर्षं जातात, म्हणून त्याची बातमी होत नाही. धूर वाईटच. त्याला आपली संस्कृती म्हणून कुरवाळायचं कारण नाही.

पण यापुढे धुराचा कुठलाही नियम तुमच्या कानावर आला, ग्रामसभेत असो की वॉर्डात, तर तीन प्रश्न नक्की विचारा. या जळणाऐवजी दुसरं काय मिळणार? ते आमच्या हातात असलेल्या पैशांत, लागेल तेवढं मिळणार का? आणि चूल बदलायचा खर्च कोण करणार? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो नियम १३०६ सालचा आहे असं समजा.

या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढा. कुणाच्या घरी महिन्याला किती सरपण, किती गॅस लागतो, त्याचा हिशोब लिहा. आणि त्यात सरपण गोळा करायला गेलेले तुमचे तासही धरा. तो कागद आमच्याकडे पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आपण त्यावर बोलू. तोवर नमस्कार.